शेवट गोड हवाच

क्वीअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे माणसांच्या, प्रेमकथा सुचवा म्हटलं, की हमखास चार नावं पुढे येतात: 'कॉल मी बाय युअर नेम', 'द साँग ऑफ अकिलीज', 'जिओव्हानीज रूम' आणि 'ब्रोकबॅक माउंटन'. लेखन म्हणून चारही अव्वल. पण ज्याला रोमान्स वाचायचाय त्याच्या हाती ही चौकडी देणं म्हणजे शुद्ध फसवणूक. पहिल्यात एक उन्हाळा आणि पुढे वर्षानुवर्षांची हुरहूर, दुसऱ्यात ट्रॉयचं युद्ध, तिसऱ्यात गिलोटिनखाली मृत्युदंड. चौथी तर मुळात कादंबरीच नाही, कथा आहे, आणि तिच्या शेवटी हाती राहतात ते एकात एक घातलेले दोन शर्ट. रडायचंच असेल तर जरूर वाचा. रोमान्स म्हणून नको.

रोमान्सच्या अटी दोनच. प्रेमकथा हा कथानकाचा कणा हवा, तोंडी लावणं नको; आणि शेवट आशेचा, समाधानाचा हवा. 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' या लेखकसंघटनेची व्याख्याही थोड्याफार फरकानं हीच आहे. नेहमीचे वाचक शेवटाचे दोन प्रकार मानतात: 'हॅपिली एव्हर आफ्टर' आणि 'हॅपी फॉर नाऊ', म्हणजे जन्माची गाठ किंवा निदान आत्तापुरतं तरी सगळं मार्गी. त्यामुळे इथे शेवट उघड केले म्हणून कुणी रागावू नये. दोघं एकत्र येणार हे पहिल्या पानालाच ठरलेलं असतं. कसे येणार आणि काय गमावून येणार, यासाठी पानं उलटायची. (एका पुस्तकाच्या बाबतीत मात्र मी तोंड शिवून घेणार आहे. ते पुढे.)

स्त्री-पुरुषांच्या प्रेमकथेला गोड शेवट जवळपास फुकटात मिळाला. इथे तो भांडून घ्यावा लागला. १९२८ साली रॅडक्लिफ हॉलची 'द वेल ऑफ लोनलीनेस' प्रसिद्ध झाली. नायिका स्टीफन आपल्या प्रेयसीला जाणूनबुजून एका पुरुषाकडे ढकलते आणि एकटी उरते. एवढं दुःख पदरात टाकूनही लंडनच्या न्यायालयानं पुस्तक अश्लील ठरवलं आणि प्रती नष्ट करायला लावल्या. १९५२ मध्ये अमेरिकेत 'स्प्रिंग फायर' नावाचं स्वस्त पेपरबॅक आलं. व्हिन पॅकर या टोपणनावानं ते मॅरिजेन मीकरनं लिहिलं होतं. प्रकाशकाची अट अशी, की दोन मुलींचं प्रेम सुखात संपता कामा नये, नाहीतर टपाल खातं गठ्ठे जप्त करील. मग एकीला वेड लागतं आणि दुसरी आपलं कधी प्रेमच नव्हतं असं ठरवून मोकळी होते. त्या काळच्या पुस्तकांतली ही ठोकळेबाज मरणं आणि वेडं लेखकाच्या कल्पनेतून कमी आणि प्रकाशकाच्या भीतीतून जास्त आली आहेत, हे लक्षात ठेवून ती वाचावीत.

आणि म्हणून 'मॉरिस'. ई. एम. फॉर्स्टरनं ती १९१३-१४ मध्ये लिहिली आणि ती छापून आली १९७१ मध्ये, तो गेल्यानंतरच्या वर्षी. मधली पन्नासहून जास्त वर्षं हस्तलिखित मित्रांमध्ये फिरत होतं. १९६० साली त्यानं जोडलेल्या टिपणात कारण स्पष्ट आहे: शेवट सुखाचा हवाच, नाहीतर लिहायच्या फंदात पडलोच नसतो, असं तो सांगतो. पुढे त्याचा खास तिरकसपणा येतो. एखाद्या पोरानं गळफास घेतला असता तर पुस्तक निर्धास्त छापता आलं असतं. पण हे दोघं शिक्षा न होता सुटतात, म्हणजे पुस्तक गुन्ह्याची शिफारस करतं! पुरुषांमधले शरीरसंबंध गुन्हा ठरवणारा कायदा इंग्लंड आणि वेल्समध्ये बदलला तो १९६७ साली. अडचण प्रेमाची नव्हती, शेवटाची होती.

कादंबरी आज वाचताना पहिला अर्धा भाग संथ वाटेल. केंब्रिज, मॉरिसचा तिथला मित्र क्लाइव्ह डरहॅम, प्लेटोच्या गप्पा, स्पर्श टाळणारं उदात्त वगैरे प्रेम. इथे कंटाळून पुस्तक मिटणारे पुष्कळ. तसं करू नका, कारण हा भाग मुद्दाम तसा रचला आहे. क्लाइव्हचं प्रेम शब्दांतच राहतं, आणि पुढे तो लग्न करून, राजकारणात शिरून मोकळा होतो. मग शिकारखान्याचा नोकर अ‍ॅलेक स्कडर शिडी लावून खिडकीतून आत येतो आणि पुस्तकाचा श्वास बदलतो. त्यानंतर दोघं एकमेकांवर लगेच विश्वास टाकत नाहीत, ही फॉर्स्टरची खरी कमाल. मालक-नोकराचं अंतर, ब्लॅकमेलची धमकी, ब्रिटिश म्युझियममधली ती चमत्कारिक भेट, जिथे एकमेकांना घाबरवायला आलेले दोघं हळूहळू घाबरवायचं विसरून जातात. अ‍ॅलेक अर्जेंटिनाला जाणाऱ्या बोटीवर चढत नाही. मॉरिस सगळा मानमरातब सोडून त्याच्याकडे जातो. क्लाइव्हला निरोप देतो तो अंधारात, आणि मागे उरतात फुलाच्या काही पाकळ्या. क्लाइव्ह मात्र बायकोपासून हे कसं लपवायचं या विवंचनेत घरात शिरतो. गोड शेवटाच्या शेजारी असा कोरडा, उपरोधिक शेवट ठेवायला हात पक्का लागतो.

आणखी एक गोष्ट. फॉर्स्टरनं आधी उपसंहार लिहिला होता: काही वर्षांनी मॉरिसच्या बहिणीला दोन लाकूडतोडे भेटतात. वाचलेल्यांपैकी कुणालाच तो आवडला नाही आणि त्यानं तो काढून टाकला. आजच्या रोमान्सलेखकांनी याचा धडा घ्यावा. मुलं, कुत्रा, लग्नाचा वाढदिवस आणि सगळ्या दुय्यम पात्रांच्या जोड्या जमलेल्या, असा पंधरा पानांचा उपसंहार चांगल्या पुस्तकालाही गोडमिट्ट करून टाकतो.

'द प्राइस ऑफ सॉल्ट' १९५२ मधलीच, म्हणजे 'स्प्रिंग फायर'च्या वर्षीची. पॅट्रिशिया हायस्मिथनं ती क्लेअर मॉर्गन या नावानं छापली. स्वतःच्या नावानं, 'कॅरल' म्हणून, ती आली १९९० मध्ये. डिपार्टमेंट स्टोअरच्या बाहुल्यांच्या काउंटरवर उभी असलेली एकोणीस वर्षांची टेरीझ आणि मुलीसाठी खेळणं घ्यायला आलेली कॅरल. पहिल्या भेटीत घडतं काय, तर पत्ता लिहून घेतला जातो. तेवढ्यावर हायस्मिथ पानंच्या पानं धग टिकवते. पुढे दोघी गाडीनं पश्चिमेकडे निघतात, मागावर खाजगी गुप्तहेर, आणि त्यानं हॉटेलच्या खोलीत टिपलेलं बोलणं कॅरलच्या घटस्फोटात पुरावा ठरतं. मुलीचा ताबा जातो. नावातली किंमत ती हीच.

शेवटचा प्रसंग दोनदा वाचावा असा आहे. कॅरलनं एकत्र राहायचं विचारलेलं असतं आणि टेरीझ नाही म्हणालेली असते. ती एका पार्टीला जाते. तिथे एक देखणी नटी तिच्यात उघड रस घेते. बहुतेक लेखकांनी ही नटी आणलीच नसती. पण तिच्यामुळेच टेरीझचं कॅरलकडे परत जाणं म्हणजे निवड ठरते. दुसरं कुणी नाही म्हणून पत्करलेली सोबत नव्हे. टेरीझ पार्टी सोडून निघते, रेस्तराँच्या दारात उभी राहते, दूरच्या टेबलावर कॅरल दिसते. कॅरलला ती दिसायला क्षणभर लागतो. मग हात वर होतो. टेरीझ तिच्याकडे चालू लागते, आणि पुस्तक संपतं. मिठी नाही, वचन नाही. तरीही हा पक्का 'हॅपिली एव्हर आफ्टर' आहे यावर मी वाद घालायला तयार आहे.

या दोन पुस्तकांनंतर थोडं मऊ काही हवं असेल तर इझाबेल मिलरची 'पेशन्स अँड सारा' घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची एक चित्रकार आणि एक शेतकऱ्याची मुलगी घर सोडून स्वतःची जमीन घ्यायला निघतात. लेखिकेनं १९६९ मध्ये ती 'अ प्लेस फॉर अस' या नावानं स्वतःच्या खर्चानं छापली. पुढे अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या, आज स्टोनवॉल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुरस्काराची ती पहिली मानकरी ठरली, १९७१ साली. भाषा साधी, सुरुवात थोडी अवघडलेली, पण शेताची, पैशाची, घराची बोलणी इतकी नेमकी की दोघींचं पुढे निभेल याची वाचकाला खात्री पटते.

आता आजची पुस्तकं. इथे चणचण नाही, उलट ढीग आहे. आणि ढिगात चुकायला फार वाव आहे.

सगळ्यात मोठी गफलत होते अडथळ्याच्या बाबतीत. रोमान्सला अडथळा लागतोच. क्वीअर रोमान्समध्ये आळशी लेखकाला तो तयार मिळतो: जग वाईट आहे. आईबाप वाईट, गाव वाईट, सहकारी वाईट, आणि नायक-नायक मात्र पहिल्यापासून एकमेकांना अगदी साजेसे. असं पुस्तक दीडशे पानांनंतर थंड पडतं, कारण दोघांनी आपसात सोडवायचं काही उरतच नाही. जगाचा जाच खरा असतो, तो असावाच. पण त्याच्या जोडीला या दोन माणसांचंच असं काहीतरी भांडण हवं.

के. जे. चार्ल्सच्या 'द सीक्रेट लाइव्ह्ज ऑफ कंट्री जंटलमेन' (२०२३) मध्ये हे फार छान साधलंय. गॅरेथ आणि जॉस एकमेकांचं खरं नाव न विचारता लंडनमध्ये भेटत असतात. पुढे गॅरेथ सरदार म्हणून गावी येतो, जॉस निघतो तस्करांच्या घराण्यातला, आणि दोघं समोरासमोर येतात ते न्यायालयात: जॉसची बहीण आरोपी, गॅरेथ साक्षीदार. बहिणीला वाचवायला जॉस गॅरेथला त्याचं गुपित फोडण्याची धमकी देतो. कायदा बाहेरचा, पण घाव एकानं दुसऱ्याला दिलेला. त्यानंतर येते ती माफी. काय चुकलं, का चुकलं, समोरच्याला काय सोसावं लागलं हे सगळं नावानिशी मान्य करणारी; आणि गॅरेथही आपला वाटा कबूल करतो. रोमान्सची प्रत ओळखायची एकच जागा सांगा म्हटलं, तर मी माफीच्या पानावर बोट ठेवीन. 'सॉरी, मी घाबरलो होतो' एवढ्यावर काम भागलं असेल, तर त्या लेखकाचं पुढचं पुस्तक सावकाश घ्या.

दुसरी गफलत म्हणजे तिसऱ्या अंकातला गौप्यस्फोट. कथा पाऊण झाली, आता काहीतरी फुटायला हवं, मग कुणीतरी कुणाचं गुपित चव्हाट्यावर मांडतं. केसी मॅकक्विस्टनच्या 'रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू' (२०१९) मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष बाईंचा मुलगा अ‍ॅलेक्स आणि ब्रिटिश राजपुत्र हेन्री यांचे ईमेल फुटतात. बेकी अल्बर्टॅलीच्या 'सायमन व्हर्सेस द होमो सेपियन्स अजेंडा' (२०१५) मध्येही ईमेलच, आणि ब्लॅकमेल करणारा शाळेतला मुलगा. दोन्ही पुस्तकांत हे चालून जातं, कारण ईमेल हेच त्यांच्या प्रेमाचं घर आहे. घरफोडी झाल्यासारखा तो घाव बसतो. सायमन तर आपल्यावर काय लादलं गेलं, कधी आणि कुणाला सांगायचं हा हक्क कसा हिरावला गेला, हे ठणकावून बोलतो. पण त्यांच्या नकला झाल्या, तिथे गौप्यस्फोट म्हणजे कथा पुढे रेटायची नुसती किल्ली झाली. ज्याच्या स्वतःच्या आयुष्यात हे घडलेलं आहे, त्याच्या हातात असं पुस्तक न विचारता देऊ नये. बाकी 'रेड, व्हाइट…' हे राजकारणाचं स्वप्नरंजन आहे, ते तसंच घ्यावं. लग्नाच्या केकमध्ये दोघं कोसळतात त्या प्रसंगाला तुम्हाला हसू आलं नाही, तर पुढची चारशे पानंही जमणार नाहीत.

रेचल रीडची 'हीटेड रायव्हलरी' (२०१९) गौप्यस्फोटाशिवाय ताण कसा धरायचा याचा नमुना आहे. शेन हॉलंडर आणि इल्या रोझानोव, आइस हॉकीतले जगजाहीर प्रतिस्पर्धी, कित्येक वर्षं हॉटेलांच्या खोल्यांत चोरून भेटतात. पुस्तकाचा बराचसा भाग थेट शारीरिक आहे, आणि सुरुवातीला वाटतं, एवढंच आहे की काय. पण या दोघांना सगळं जमतं, फक्त एकमेकांचं पहिलं नाव उच्चारणं जमत नाही. हॉलंडर, रोझानोव, बस. एके दिवशी इल्याच्या घरी साधं सँडविच होतं, सोफ्यावर लोळणं होतं, आणि तोंडून नाव निघून जातं. शेन अक्षरशः पळ काढतो. इतक्या रात्रींनी जे झालं नव्हतं ते एका नावानं होतं. ही मालिकेतली दुसरी कादंबरी. पहिली न वाचता चालते. मात्र हिचा शेवट 'हॅपी फॉर नाऊ' या जातीचा आहे. या जोडीचं पुढचं, जगासमोर येण्याचं प्रकरण सहाव्या 'द लाँग गेम'मध्ये आहे. मधली तीन वगळली तरी बिघडत नाही.

ट्रान्स नायिकेचा (जन्मतः पुरुष ठरवलेल्या स्त्रीचा) रोमान्स निवडताना एकच गोष्ट आधी तपासावी: तिचं शरीर हा वाचकासाठी राखून ठेवलेला धक्का आहे का? असेल तर पुस्तक बाजूला ठेवा. अ‍ॅलेक्सिस हॉलच्या 'अ लेडी फॉर अ ड्यूक' (२०२२) मध्ये व्हायोला कोण आहे हे वाचकाला सुरुवातीपासून माहीत असतं. वॉटर्लूच्या लढाईत ती मेली असं जगाला वाटलं, आणि त्या आडून तिनं हवं ते आयुष्य घेतलं. किंमत मोजली ती जिवलग मित्र ग्रेसवुडनं, त्याच्या मरणाचं दुःख करत अफूच्या अर्काच्या आहारी जाऊन. सत्य कळतं तेव्हा त्याला सलतं ते तिचं स्त्री असणं नव्हे. तू जिवंत होतीस आणि मला शोक करू दिलास, हे सलतं. अडथळा कुठे ठेवावा याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. उत्तरार्धात अपहरणाचं एक उपकथानक ओढूनताणून येतं. ते भरभर वाचलं तरी चालेल.

ऐतिहासिक रोमान्समध्ये आणखी एक व्यवहारी प्रश्न असतो. लग्न शक्यच नाही, तर गोड शेवट म्हणजे नेमकं काय? चांगला लेखक याचं उत्तर वस्तूंत देतो: राहायला घर, दोघांच्या नावाचं काम, आजूबाजूला न विचारणारी माणसं. ऑलिव्हिया वेटच्या 'द लेडीज गाइड टू सेलेस्टियल मेकॅनिक्स' (२०१९) मध्ये ल्यूसी फ्रेंच खगोलग्रंथाचं भाषांतर करते आणि विधवा काउंटेस कॅथरीन त्याला पैसा पुरवते. कॅथरीन तिच्यासाठी तारे-धूमकेतू भरतकामात काढून शाल करते, आणि ल्यूसीला कळतं की विज्ञानात आपली जशी हेटाळणी होते, तशीच भरतकामाची आपण करत होतो. कॅट सबॅस्टियनची 'वी कुड बी सो गुड' (२०२३) १९५० च्या दशकाच्या शेवटच्या न्यू यॉर्कमधली, एका वृत्तपत्राच्या कचेरीतली. बातमीदार निक आणि मालकाचा मुलगा अँडी. कथानक जवळपास नाहीच. एकाच्या घरात दुसरा राहायला येतो आणि जात नाही. ज्यांना घडामोडी लागतात त्यांना ती मिळमिळीत वाटेल. ज्यांना माणसं लागतात, त्यांनी आधी हीच घ्यावी.

किशोरवयीन वाचकाला 'हार्टस्टॉपर' ही चित्रकादंबऱ्यांची मालिका सगळेच सुचवतात, आणि ते योग्यच आहे. फक्त पुढच्या खंडांत नायक चार्लीचा खाण्याशी संबंधित मानसिक आजार आणि स्वतःला इजा करून घेणं येतं, हे देणाऱ्याला माहीत असावं. त्याचा प्रियकर निकचं बायसेक्शुअल असणं, म्हणजे मुलगे-मुली दोघांचंही आकर्षण वाटणं, तिथे वाटेतला थांबा म्हणून येत नाही, हा त्याचा मोठा गुण. थोडं मोठं झाल्यावर मलिंडा लो. 'लास्ट नाइट अ‍ॅट द टेलिग्राफ क्लब'ला २०२१ चं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. १९५४ चं सॅन फ्रान्सिस्को, चिनी वस्तीतली लिली, वर्गातली कॅथलीन, आणि कम्युनिस्टांच्या संशयानं वडिलांच्या कागदपत्रांवर टांगलेली तलवार. शेवट आशेचा, पण पोटात गोळा येऊन मिळणारा. असेक्शुअल नायिका हवी असेल तर क्लेअर कॅनची 'लेट्स टॉक अबाउट लव्ह' (२०१८): अ‍ॅलिसला प्रेम हवंय, शरीरसंबंध नकोत, आणि हे समजावून सांगायच्या भीतीभोवतीच सगळी कथा फिरते.

मराठीत सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) आहेच. तनय आणि अनुजा, भाऊ आणि बहीण, एकाच पाहुण्याच्या प्रेमात. अर्धं पुस्तक त्याचं, अर्धं तिचं, आणि पाहुणा दोघांनाही सोडून गेलेला. रोमान्सच्या दोन्ही अटी लावल्या तर ती बसत नाही, बसायचा तिचा विचारही नाही. वाचावी ती विरहासाठी, आणि एकाच माणसाची दोन प्रेमांत किती वेगळी रूपं दिसतात त्यासाठी.

निवडताना मुखपृष्ठावर जाऊ नका. सपाट रंगांतली गोंडस कार्टूनं सध्या सगळ्यांवरच असतात. आत शरीरसंबंधाच्या प्रसंगी दार लोटून घेणारं पुस्तकही निघतं आणि सताड उघडं ठेवणारंही. मुलामुलींसाठी घेत असाल तर हे आधी तपासाच. अनेक लेखक सुरुवातीला किंवा स्वतःच्या संकेतस्थळावर हिंसा, मृत्यू, व्यसन अशा गोष्टींची सूचना देतात. दोन मिनिटं काढून ती वाचावी. मालिका असेल तर प्रत्येक भागात नवी जोडी आहे की तीच जोडी पुढे चालते, हे पाहावं. पहिल्या प्रकारात क्रम मोडला तरी चालतं, दुसऱ्यात सगळी मजा जाते.

राहिलं ते एक पुस्तक. सारा वॉटर्सचं 'फिंगरस्मिथ' (२००२). व्हिक्टोरियन लंडन, चोरांच्या घरात वाढलेली सू, आडगावच्या हवेलीतली वारसदार मॉड, आणि मॉडला लुबाडायचा कट. सू तिची दासी बनून जाते. एकदा मॉडचा दात टोकदार होऊन आत बोचायला लागतो, आणि सू टोपीसारखं बोटाच्या टोकावर घालायचं शिवणाचं अंगुस्तान तोंडात घालून तो घासून देते. चुंबनाचं नावही नाही, पण एवढी जवळीक मी फार थोड्या पानांवर पाहिली आहे. कादंबरीचे तीन भाग आहेत. पहिला संपेपर्यंत मलपृष्ठ वाचू नका, इंटरनेटवर शोधू नका, वाचलेल्या मित्राला फोन करू नका. आणि पहिला भाग रात्री उशिरा संपवायला घेऊ नका, कारण त्याच्या शेवटच्या ओळीनंतर दुसरा सुरू केल्याशिवाय राहवत नाही, आणि पुस्तक पाचशे पानांच्या वर आहे.